शेट्टीचं दुकान आणि गेटवरचे आईबाप

तुळसीबाईंचा राग रोज दुपारी म्हैसूरबाहेरच्या हूटगळ्ळीच्या वळणावरच सुरू व्हायचा. शाळेचं गेट अजून दिसतही नसे, पण मोठ्या रस्त्यावरून आत वळलेल्या गाड्यांची रांग दिसायची, आणि बाई छत्री जमिनीवर आपटत स्वतःशीच म्हणायच्या, "आले सगळे, वऱ्हाड आल्यासारखे!"

वऱ्हाडच ते, दुसरं काय. गेटच्या बरोबर तोंडाशी एक पांढरी गाडी. आतल्या बाईंना दोनच मिनिटं थांबायचं असतं, असं त्या दोन वर्षं सांगताहेत. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि कानात बोळे घातलेला एक बाप हवेशी इंग्रजीत बोलत येरझाऱ्या घालणार. एकदा तर तो बोलता बोलता भलत्याच पोराचं दप्तर खांद्याला लावून निघाला होता, आणि ते पोरही असं बेरकी की पार गाडीपर्यंत हू की चू केलं नाही. एक आई सकाळी मुलगा आत गेल्यावरही गजांना धरून उभी, "पाणी पी हं शोना, पाणी पी" असं ओरडत, आणि शोना तोवर मित्राच्या डोक्यात टपल्या मारण्यात गुंग. दुपारी पोर बाहेर आलं की त्याच्या तोंडाकडे न बघता आधी डबा उघडून बघणाऱ्या वेगळ्या, आणि डबा राहू दे, "तुला किती? आणि स्पृहाला किती?" असं विचारणाऱ्या वेगळ्या. मग घराकडे मिरवणूक. दप्तर बापाच्या पाठीवर, बाटली आईच्या हातात आणि मध्ये राजपुत्र हात हलवत मोकळा.

तुळसीबाईंना हे बघवत नसे, कारण त्यांची सगळी नोकरी याच्या उलट गेली होती. येलवालच्या पुढं आत एक खेडं आहे, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत त्या शिक्षिका होत्या. तिथं पालक कधी गेटवर आले नाहीत. गेटच नव्हतं म्हणा. शाळा सुटली की बाई पायात चपला अडकवून घरोघर फिरत, तंबाखूची पानं ओवत बसलेल्या आयांपुढं उकिडवं बसत आणि "उद्या पोरीला पाठव गं, माझे आई" म्हणून कन्नडात विनवण्या करत. कुणी पाठवी, कुणी "बघू" म्हणे. आपलं मूल कितवीत आहे हे ठाऊक नसलेले बाप त्यांनी पाहिले होते. त्यांच्यावर त्या चिडत, पण तो राग निराळा. त्या माणसांना उसंतच नव्हती. आणि इथं ही माणसं, शिकलेली, पगारदार, हेब्बाळच्या कंपनीतून दुपारची सुटून येणारी. यांना मुलाची एवढी काळजी की मूल म्हणून ते काही शिल्लकच ठेवत नाहीत.

गेटवर कुणालाच स्वतःचं नाव नसे. जयची आई, स्पृहाचे बाबा, तशा या वर्षिणीच्या अज्जी. मुलगा प्रणेश आणि सून नमिता दोघंही हेब्बाळला कामाला, त्यामुळं नातीला सोडायचं-आणायचं काम अज्जीकडं. जाताना सिटी बस, येताना सिटी बस. आपलं दप्तर वर्षिणी आपण उचलायची, हा अज्जीचा कायदा.

या वर्षिणीची एक गोष्ट मात्र तुळसीबाईंच्या काळजाला लागून राहिली होती. घरी पोपटासारखी बोलणारी ही पोर शाळेत तोंड उघडत नसे. तिसरीत आली तरी नाही. वर्गशिक्षिका शरण्या मिस भली मुलगी, अज्जीशी कन्नडात अदबीनं बोले. ती म्हणायची, "अज्जी, लिहिते सगळं बरोबर. विचारलं की नुसती टेबलाकडं बघते." ज्या बाईनं खेड्यातली मुकी मुकी पोरं बोलती केली, तिच्याच घरात हे व्हावं! तुळसीबाईंना याची लाज वाटे, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. न बोलणारं मूल मागच्या बाकावर जातं आणि मग तिथंच राहतं, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

दसऱ्याच्या सुट्टीआधी दर वर्षी या शाळेत तिसरीची मुलं बाहुल्या मांडतात. म्हैसुरात घरोघरी मांडतात तशाच, पायऱ्या-पायऱ्यांवर. सगळ्यात वर पट्टाची जोडी, म्हणजे लग्नात आईनं लेकीला दिलेले लाकडी राजा-राणी. त्यांच्या खाली देव, मग मिरवणूक, मग खेड्यातली माणसं, आणि सगळ्यात खाली शेट्टी आणि शेट्टम्मा, पोट सुटलेला वाणी आणि त्याची बायको, पुढ्यात वाट्यांमधून तांदूळ, डाळी, सुपारी मांडून बसलेले. शरण्या मिसनं एके दिवशी भीत भीत विचारलं, "अज्जी, तुम्ही येऊन जरा सांगाल का, कुठं काय ते?"

निवृत्त झाल्यापासून कुणी काही विचारलं, असं हे पहिल्यांदा. तुळसीबाईंनी पदर खोचला. अट एकच घातली: बाहुल्या मुलंच आणतील, मुलंच मांडतील, आणि बघायला येणाऱ्यांना आपल्या बाहुलीबद्दल मुलंच सांगतील. मोठ्यांनी हात लावायचा नाही आणि तोंडही घालायचं नाही.

राजा-राणी त्यांनी आपल्या घरचे दिले, आणि शेट्टीचं दुकान दिलं वर्षिणीला. मुद्दाम दिलं. घरी नवरात्रात ही पोर नऊ दिवस त्या दुकानामागं बसायची, येईल त्याला डाळ विकायची, शेट्टम्माच्या आवाजात घासाघीस करायची. ते दुकान समोर असलं की तिला आपण कोण, कुठं, याचा विसर पडे. तुळसीबाईंनी विचार केला, इथंच हिचं तोंड उघडेल. उघडेल तर इथंच.

आणि उघडलं की! तालमीच्या तिसऱ्या दिवशी शरण्या मिस गेटपर्यंत धावत आली. "अज्जी! आज जयनं तूरडाळ मागितली, तर म्हणते कशी, 'उधार नाही, आधीची दिली का?' सगळा वर्ग हसला. आणि ही घाबरली नाही, अज्जी. परत म्हणाली!" तुळसीबाईंनी बसमध्ये काही दाखवलं नाही, पण उतरल्यावर कोपऱ्यावर थांबून नातीला मक्याचं कणीस घेऊन दिलं, आणि तिखटमिठाचा ठसका लागल्यासारखं करून डोळे पुसले.

इथवर सगळं छान होतं. मग शरण्या मिसनं हौसेनं तालमीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला, कुठल्या पायरीवर कोण हे लिहून. झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळसीबाई गेटपाशी पोचल्या, तर वऱ्हाड त्यांचीच वाट बघत होतं. पांढऱ्या गाडीतल्या बाई, म्हणजेच जयची आई, चक्क गाडीतून उतरल्या होत्या. ठाण्याहून येऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण बाहुल्या घरी मांडत नसत, त्यामुळं पायरी म्हटल्यावर त्यांना एकच गोष्ट सुचली.

"काकू, जयला चौथी पायरी का हो? गेल्या वर्षी तो वर्गात दुसरा होता."

तुळसीबाईंना आधी कळेचना. "म्हणजे? त्यानं बैलगाडी आणली. बैलगाडी चौथ्या पायरीवरच बसते."

"नाही, पण स्पृहा तिसरीवर आहे."

"तिच्याकडं हत्ती आहे, अम्मा. हत्ती मिरवणुकीत असतो."

स्पृहाचे बाबा त्र्यंबक यांनी कानातला एक बोळा काढला. त्यांच्या दृष्टीनं हा मोठाच मान. "काकू, माझं म्हणणं तक्रार म्हणून घेऊ नका. पण निवडीचे निकष आधी कळवायला हवे होते. स्पृहा दुसऱ्या पायरीला पात्र होती, असं आम्हाला घरी वाटतं."

हत्तीला देवांच्या पायरीवर बसवायला निघालेला हा माणूस! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी त्या गप्प राहिल्या. पण मग मागून कुणीतरी हळहळत म्हणालं, "काकूंना कशाला बोलता? त्यांनी तर स्वतःच्या नातीला सगळ्यात खाली टाकलंय. बिचारी! तशीही ती बोलत नाही ना."

बिचारी! खाली टाकलंय! आता तुळसीबाईंची छत्री वर गेली.

"अय्यो, साकु, पुरे करा हो तुमचं! खाली टाकलं? काही कळतं का तुम्हाला? वरती राजा-राणी आहेत, त्यांना नमस्कार करतात आणि विसरतात. स्वल्प डोकं चालवा की. चिकमंडळी, बारकी पोरं, बघायला येतात, त्यांचे डोळे कुठं असतात? खाली! ती येऊन धपकन कुठं बसतात? शेट्टीच्या दुकानापुढं! माझ्या लहानपणी आमच्या घरी अर्धी गल्ली त्या दुकानापुढं असायची, वरचे देव एकटेच बसलेले. सगळ्या गोंबे-बाहुल्या बघून झाल्या तरी माणसं तिथनं हलत नाहीत. ज्याच्याकडं शेट्टीचं दुकान, त्याच्यापुढं सगळा गाव. आणि तुम्ही तिला बिचारी म्हणता!"

पांढऱ्या गाडीचे पुढचे दिवे नुसतेच लुकलुकत राहिले. त्र्यंबकरावांनी बोळा हळूच परत कानात घातला. बाई नातीला घेऊन ताठ मानेनं स्टॉपकडं निघाल्या, आणि त्या संध्याकाळी नमिताला सगळा प्रसंग साभिनय सांगितला. दोनदा.

नमिता नाशिकची, शांत स्वभावाची. ती मोबाइल हातात धरून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही त्यांना एवढं नीट समजावून कशाला सांगितलंत?"

ग्रुपवर संदेशांची रांग लागली होती. जयला लहानपणापासून दुकान-दुकान खेळण्याची आवड आहे. स्पृहाचं संभाषणकौशल्य तिच्या वयाच्या मानानं फार पुढं आहे. कुणाच्या आजोबांचं साताऱ्याला खरंखुरं किराणा दुकान होतं, तेव्हा त्या घराण्याचा हक्क आधी. खालची पायरी, खालची पायरी, खालची पायरी. दुपारी जिच्यावर बसायची लाज वाटत होती, तिच्यासाठी संध्याकाळी सगळे माना पुढं काढून उभे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. शिकवायची सवय. जन्मभर शिकवलं, आणि नको तिथं, नको त्यांना, नको तेवढं चांगलं शिकवून ठेवलं.

सकाळी हेडमिसनी ग्रुपवरच निकाल दिला. कुणावर अन्याय नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. दुकान निघालं जयच्या नावावर. आणि अज्जींनी इतकी मदत केली, घरच्या बाहुल्या दिल्या, तर त्यांच्या नातीला मान द्यायला हवा, म्हणून वर्षिणीला दिली सगळ्यात वरची पायरी, राजा-राणीची. तिनं बाजूला उभं राहायचं आणि म्हणायचं, 'हे राजा-राणी.' राजा-राणीला कुणी डाळ मागत नाही. कुणी घासाघीस करत नाही. संपलं तिचं काम.

"वरची पायरी मिळाली की आई, फोटो छान येईल," नमिता म्हणाली. ती वाईट हेतूनं म्हणाली नव्हती, पण तुळसीबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की ती स्वयंपाकघरात गेली.

वर्षिणी काही म्हणाली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं दप्तर भरलं, बूट घातले आणि टेबलाकडं पाहत उभी राहिली, शाळेत राहते म्हणतात तशी. घरातही? आता घरातही का?

मग दुपारपर्यंत त्यांना दम धरवेना. शाळा सुटायच्या कितीतरी आधी त्या गेटवर हजर. वॉचमन आत सोडेना, तेव्हा त्यांनी गज धरले आणि समोरून जाणाऱ्या हेडमिसना खणखणीत आवाजात हाक मारली. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तो. हेडमिसना यावंच लागलं. मागे गाड्यांची दारं उघडू लागली.

"हे बरोबर नाही, मेडम," तुळसीबाई म्हणाल्या. "दुकान माझ्या नातीला पाहिजे. तिला गरज आहे. बाकीच्यांचं सोडा, माझी नात वेगळी आहे."

हेडमिस थकलेल्या होत्या. त्या नम्रपणे म्हणाल्या, "अज्जी, सकाळपासून अकरा जण येऊन गेले. प्रत्येकानं हेच वाक्य सांगितलं."

हेच वाक्य! या माणसांचं आणि आपलं वाक्य एकच? संतापानं तुळसीबाईंना धड बोलता येईना. यांना हौस आहे, मला कळकळ आहे. यांची पोरं तोंडाची चालू आहेत, माझी मुकी आहे. यांना फोटो हवाय, मला... पण यातलं काहीच नीट बाहेर पडलं नाही. बाहेर पडलं ते भलतंच. "चिठ्ठ्या काय टाकता? लॉटरी आहे का ही? या बाईंच्या पोराला साधं तूरडाळ आणि हरभराडाळ वेगळी सांगता येत नाही!"

जयची आई पुढं झाल्या. "काकू, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. आणि माझ्या मुलाबद्दल काही बोलायचं नाही. तुम्हाला तुमची नात तशी आम्हाला आमचा जय."

"तुमच्या जयला तुम्ही बोलू द्याल तेव्हा ना!"

"आणि तुम्ही? तुमची नात बोलत नाही, कारण तिच्या वाटचं सगळं तुम्हीच बोलता!"

घंटा कधी झाली, मुलं कधी ओळीनं पोर्चमध्ये येऊन उभी राहिली, तुळसीबाईंना कळलंच नाही. पुढं आणखी काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आवाज आला.

"साकु, अज्जी! पुरे!"

वर्षिणी ओळ सोडून पुढं आली होती. दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर, मान वर. तिसरीचा सगळा वर्ग मागे. गेटवरचे सगळे आईबाप पुढे.

"उद्यापासून तू गेटला यायचं नाही," ती म्हणाली. शब्द शब्द सुटा, शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल असा. "स्टॉपवर थांब. मी येते तिथं. कंपाउंडच्या कडेकडेनं येते, रस्ता ओलांडायचा नाही, मला ठाऊक आहे. पण इथं नको. बेड अंदरे बेड."

नको म्हणजे नको. शरण्या मिसनं तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. दोन वर्षं जी पोर दुकानाच्या खेळाबाहेर वर्गात एक वाक्य धड बोलली नाही, ती सगळ्या शाळेपुढं उभी राहून बोलत होती. तुळसीबाईंनाही ते कळलं. कळलं म्हणून तर त्या गजाला टेकल्या. यासाठीच सगळा खटाटोप केला होता, आणि पोरीला तोंड फुटलं ते हे सांगायला. आनंद करावा की धाय मोकलून रडावं? त्यांना दोन्ही आलं नाही. त्यांना नुसता राग आला, सगळ्यांचा, आणि तो कुणावर काढावा हे सुचेना.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या.

बाहुल्यांच्या दिवशी प्रत्येक मुलामागं एकाच पालकाला आत सोडणार होते. नमितानं अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. निघताना ती म्हणाली, "आई, तुम्हीच जा, मी थांबते." तुळसीबाईंनी नाही म्हणून मान हलवली. दिलेला शब्द नव्हता तो, पण नातीनं सांगितलेलं होतं.

त्या स्टॉपवर बसल्या. गेट तिथून दिसत नव्हतं, गाड्यांचे भोंगे तेवढे ऐकू येत होते. हेब्बाळकडच्या कंपनीच्या बसेस एकामागून एक गेल्या. एका बाईनं येऊन विचारलं, "कुठं जायचंय?" तर तुळसीबाई "कुठं नाही" म्हणाल्या, आणि इतक्या रागानं म्हणाल्या की ती बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

नमिताला शाळेतूनच कामावर जायचं होतं. मग वर्षिणी आली, एकटी, कंपाउंडच्या कडेकडेनं. रेशमी परकर, डोक्यात मोगऱ्याचा गजरा, पाठीवर दप्तर. येऊन बाकावर बसली आणि पाय हलवू लागली.

तुळसीबाईंनी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण राहवलं नाही.

"जयचं दुकान झालं चांगलं?"

"तो विसरला सगळं. त्याची मम्मी मागनं सांगत होती. मग तिनंच सांगितलं. पेपर होता तिच्याकडं."

"आणि तू? तू बोललीस ना?"

वर्षिणीनं रस्त्याकडं पाहिलं. बस येताना दिसत होती.

"कुणाला बोलू, अज्जी? तू म्हटलं होतंस ना, ते बरोबर होतं. वर कुणीच येत नाही. सगळे खाली दुकानापाशीच होते."

बस आली. वर्षिणीनं आपलं दप्तर आपण उचललं आणि अज्जीला चढायला हात दिला.